क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणजे किडनी ठीक आहे असं नाही

२५ वर्षांचा जिमला जाणारा मुलगा आणि ६५ वर्षांची बारीक अंगाची बाई, दोघांनी रक्त दिलं आणि दोघांचंही सीरम क्रिएटिनिन १.१ आलं. बऱ्याच रिपोर्टवर दोघांच्या आकड्यापुढे सारखीच रेंज छापलेली असते, दोघंही रेंजमध्ये, दोघांनाही सांगितलं जातं की किडनी ओके. आता तेच १.१ घ्या आणि सोबत वय आणि स्त्री की पुरुष एवढंच सूत्रात टाका, म्हणजे २०२१ चं सीकेडी-ईपीआय नावाचं जे सूत्र आज बऱ्याच देशांत वापरतात ते, तर मुलाचा ईजीएफआर येतो साधारण ९५ आणि बाईंचा येतो ५६. ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. म्हणजे एकाच आकड्यात एक माणूस ठणठणीत आहे आणि दुसऱ्याची किडनी कदाचित बरीच उतरलेली आहे, आणि त्या बाईंना १० वर्षांपासून शुगर असेल तर हे कळणं फार गरजेचं आहे, पण कागदावर तर नॉर्मल लिहिलंय ना, मग कोण कशाला पुढे बघतंय.

आपल्याकडे शुगर किती आहे ते वेगळं सांगायला नको. आयसीएमआर-इंडियाब नावाचा देशभरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात भारतात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे असा अंदाज निघाला, प्रौढांमध्ये ११.४ टक्के, आणि सगळ्या राज्यांत गोवा सगळ्यात वर, २६.४ टक्के. टाईप २ डायबेटिसवाल्यांपैकी २० ते ४० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी किडनीचा आजार होतो असं धरतात. आता यातले किती लोक वर्षातून एकदा तरी किडनीची नीट तपासणी करतात ते तुमच्याच घरात विचारून बघा. फास्टिंग-पीपी सगळे करतात, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी पण आता बरेच करतात, आणि किडनी म्हणलं की तेच एक क्रिएटिनिन, ते पण डॉक्टरांनी लिहिलं तर.

दुसरीकडे हल्ली सारख्या बातम्या येतात की रक्तातलं अमुक प्रोटीन सापडलं, तमुक मार्कर म्हणजे आजाराची खूण सापडली, आता डायबेटिसवाल्यांची किडनी बिघडायच्या आधी कित्येक वर्षं कळणार. हे संशोधन खरं आहे आणि चांगलं आहे, त्यात फसवाफसवी नाही. पण मला जे म्हणायचंय ते असं की आपल्याकडे किडनीचा आजार उशिरा सापडतो तो मार्कर नाहीत म्हणून नाही. तो उशिरा सापडतो कारण आपण एका जुन्या मार्करवर डोळे झाकून विश्वास ठेवलाय, जो आपल्या अंगकाठीच्या लोकांना नेमका जास्त फसवतो, आणि त्याच्या जोडीला जी स्वस्तातली लघवीची तपासणी हवी ती आपण करतच नाही. नवीन रक्ततपासण्यांवर सरकारचा पैसा जायचाच असेल तर तो कुठल्या क्रमाने जावा हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

क्रिएटिनिन येतं कुठून तर स्नायूंमधून. स्नायू रोज थोडं थोडं क्रिएटिनिन रक्तात सोडतात आणि किडनी ते बाहेर टाकते, किडनी मंद झाली की ते रक्तात साठतं. हे मोजायची माक्स याफ यांची पिक्रिक ॲसिडची पद्धत १८८६ सालची आहे, आणि तिचीच सुधारलेली रूपं आजही कित्येक लॅबमध्ये चालतात कारण स्वस्त आहेत. पद्धत जुनी आहे म्हणून वाईट असं मी म्हणत नाही. अडचण अशी की ज्याच्या अंगावर स्नायूच कमी त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, मग किडनीने काम कमी केलं तरी रक्तातला आकडा रेंजच्या बाहेर जायला खूप वेळ लागतो. साधारणपणे किडनीची निम्म्याच्या आसपास ताकद जाईपर्यंत हा आकडा डोळ्यात भरेल इतका वाढत नाही.

त्यात डायबेटिसची अजून एक खोड आहे. सुरुवातीच्या वर्षांत शुगर जास्त असली की किडनी उलट जास्त जोरात गाळायला लागते, प्रत्येक चाळणीवर दाब वाढतो, आणि क्रिएटिनिन त्या काळात छान दिसतं, कधीकधी आधीपेक्षाही छान. आत नुकसान चालू झालेलं असतं आणि कागद म्हणतो सगळं उत्तम. नंतर कधीतरी पायावर सूज, लघवीला फेस, जेवण नको वाटणं, आणि मग धावपळ. आमच्या नात्यात हे एकाहून जास्त वेळा झालंय आणि दरवेळी घरचे एकच वाक्य बोलतात, अहो मागच्या वर्षी तर रिपोर्ट नॉर्मल होता.

आता आपल्या अंगकाठीचं जे म्हणलं ते नीट सांगते, कारण हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर फार कमी बोललं जातं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला, पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास. पण नुसतं वजन कमी असं नव्हतं. आपल्या बाळांच्या अंगावर मांस आणि पोटातले अवयव कमी होते पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, स्नायू कमी, आणि पुढे मोठं झाल्यावर डायबेटिसचा धोका जास्त. हे आता जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे.

याच्याच शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. एका किडनीत सरासरी १० लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, म्हणजे गाळणारी छोटी छोटी युनिटं, आणि ती सगळी आईच्या पोटातच तयार होतात, वेळेवर जन्मलेल्या बाळाला नंतर एकही नवीन मिळत नाही. १९८८ मध्ये बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की कमी वजनाच्या बाळांना नेफ्रॉन कमी मिळतात आणि त्यामुळे पुढे बीपी आणि किडनीचा धोका वाढतो, आणि नंतर बऱ्याच अभ्यासांनी याला दुजोरा दिला.

म्हणजे बघा, ज्या माणसाला डायबेटिस होण्याची शक्यता जास्त त्यालाच नेफ्रॉन कमी मिळाले असण्याची शक्यता जास्त, आणि त्याच माणसाचे स्नायू कमी म्हणून त्याचं क्रिएटिनिन खोटा दिलासा देण्याची शक्यता पण जास्त. तिन्ही गोष्टी एकाच शरीरात येतात. त्यात बरेच जण शाकाहारी किंवा मटण-मासे क्वचित खाणारे, आणि शिजवलेल्या मांसातून पण क्रिएटिनिन येतं, ते यांना मिळत नाही, म्हणजे आकडा अजून खाली. चंदीगडच्या पीजीआयमधल्या संशोधकांनी भारतीय लोकांमध्ये किडनीची खरी गाळण्याची क्षमता मोजून सूत्राशी ताडून बघितली तेव्हा क्रिएटिनिनवरची सूत्रं आपल्या लोकांची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतात असंच निघालं. आणि त्यात नवल नाही, ही सूत्रं मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या लोकांच्या आकड्यांवर बेतलेली आहेत. वर सांगितलेल्या बाईंचा ५६ आला तो पण कदाचित खऱ्यापेक्षा जास्तच असेल.

मग रक्तातलं असं काही आहे का जे स्नायूंवर अवलंबून नाही, तर आहे, सिस्टॅटिन सी. हे शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी सारख्या वेगाने बनवतात, त्यामुळे पैलवान असो की सडपातळ आजी, फरक फारसा पडत नाही. याचे पण काही दोष आहेत, थायरॉइड बिघडलं असेल, स्टेरॉइड चालू असेल, लठ्ठपणा किंवा सिगारेट असेल तर आकडा हलतो. पण क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही मिळून केलेला अंदाज एकेकट्यापेक्षा बरोबर येतो हे २०१२ पासून चांगलं सिद्ध झालेलं आहे आणि केडीगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पण सांगितलंय की क्रिएटिनिनवर भरवसा ठेवता येत नाही अशी शंका असेल आणि सोय असेल तर सिस्टॅटिन करा. आपल्याकडे तर ही शंका लाखो लोकांच्या बाबतीत आहे! मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये ही तपासणी होते, पण तालुक्याच्या ठिकाणी नावही ऐकलेलं नसतं, आणि क्रिएटिनिनपेक्षा ती बरीच महाग पडते. महाग आहे म्हणून कोणी करत नाही आणि कोणी करत नाही म्हणून महाग राहते, हे चक्र सरकारी खरेदीनेच तुटू शकतं. जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर सिस्टॅटिन सी उपलब्ध असायला हवं, सगळ्यांना सरसकट नाही, वयस्कर, बारीक, हातापायाचे स्नायू गेलेले किंवा ज्यांचा ईजीएफआर ६० च्या आसपास घुटमळतोय अशा डायबेटिसवाल्यांना.

पण त्याच्याही आधी लघवी. मला माहीत आहे की विषय रक्ताचा आहे, तरी लघवीला टाळून हे पूर्ण होतच नाही. किडनीची चाळणी सैल झाली की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत थोडं थोडं गळायला लागतं. १९८२ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधून व्हिबेर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेनसेन यांनी दाखवून दिलं की हे अगदी थोडं गळणारं अल्ब्युमिनच पुढच्या धोक्याची सूचना देतं. ४० वर्षं झाली याला. लघवीतलं अल्ब्युमिन भागिले क्रिएटिनिन, याला एसीआर म्हणतात, ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे सावध व्हा, ३०० च्या वर म्हणजे बरंच गळतंय. नेहमीच्या साध्या लघवी तपासणीत पट्टी बुडवून प्रोटीन निल असं जे लिहून येतं ना, त्यात हे ३० ते ३०० मधलं बहुतेक वेळा सापडतच नाही, आणि लोकांना वाटतं लघवी पण क्लिअर आहे. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना, खाजगीत काही शे रुपयांचा खर्च, उपाशी राहायची गरज नाही. टाईप २ असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून, टाईप १ असेल तर पाच वर्षांनंतर, दरवर्षी एकदा. एकदा जास्त आलं म्हणून घाबरून जायचं नसतं कारण ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी, आदल्या दिवशी खूप व्यायाम, कशानेही वाढतं, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा जास्त आलं तरच ते खरं धरतात.

आणि तरीसुद्धा ५० काय, ७० तपासण्यांचं फुल बॉडी पॅकेज घेतलं तरी त्यात एसीआर असेलच असं नाही. व्हिटॅमिन असतात, थायरॉइड असतं, लोह असतं, कोलेस्टेरॉलचे पाच प्रकार असतात. कारण सरळ आहे, रक्त घरी येऊन एकदाच काढलं की ७० आकडे मशीनमधून निघतात, लघवीला वेगळी बाटली, वेगळी कटकट. शुगर असलेल्या माणसाने पॅकेज घेताना यादीत हे एक नाव आहे का एवढं बघावं, नसेल तर वेगळं सांगून करून घ्यावं.

लघवीच्या तपासणीची खरी अडचण आहे ती पण मान्य केली पाहिजे, कारण रक्तातल्या मार्करच्या बाजूचा हाच सगळ्यात प्रामाणिक मुद्दा आहे असं मला वाटतं. गावातल्या शिबिरात बायका येतात, शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं असतं, स्वच्छ संडास नाही, चार लोकांसमोर बाटली घेऊन जायची लाज वाटते, त्या बाटली न देताच घरी जातात. बोटाला सुई टोचून घ्यायला त्यांची काही हरकत नसते. शिवाय एसीआर सगळ्यांना पकडत नाही, डायबेटिसवाल्यांमध्ये असे बरेच लोक असतात ज्यांचं अल्ब्युमिन कधी वाढतच नाही आणि तरी ईजीएफआर उतरत जातो. म्हणून एकट्या लघवीवर भागत नाही आणि एकट्या रक्तावर पण भागत नाही, दोन्ही लागतात. ज्या गोष्टीने लाज वाटते तिच्यावर उपाय आहे, आशाताईंनी आदल्या दिवशी बाटली घरी द्यायची आणि सकाळी गोळा करायची. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांतून नमुने गोळा करून लॅबपर्यंत न्यायची महालॅबची व्यवस्था आहेच, रोजची गाडी जातेच आहे, त्यात डायबेटिसवाल्यांची वर्षाला एक लघवीची बाटली वाढवायची.

आता त्या नवीन मार्करकडे येते. यातलं सगळ्यात भक्कम काम बॉस्टनच्या जॉस्लिन डायबेटिस सेंटरमधून आलंय. २०१२ मध्ये तिथल्या लोकांनी दाखवलं की रक्तात टीएनएफ रिसेप्टर १ आणि २ ही दोन प्रोटीनं जास्त असतील तर त्या माणसाची किडनी पुढच्या काही वर्षांत फेल होण्याचा धोका खूप जास्त असतो, आणि २०१९ मध्ये त्यांनीच शरीरातल्या सूजेशी संबंधित १७ प्रोटीनांचा एक संच शोधला. दुसरं नाव किम-१, किडनीच्या नळ्यांना इजा झाली की हे प्रोटीन वाढतं, आणि ते रक्तातही मोजता येतं. टीएनएफ रिसेप्टर १ आणि २ आणि किम-१ ही तीन प्रोटीनं आणि पेशंटची बाकीची माहिती कॉम्प्युटरला देऊन धोक्याचा स्कोर काढणारी एक टेस्ट, किडनीइंटेलएक्स, तिला २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-तपासण्या मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली. अमेरिकेत तिचा दर ९५० डॉलर, म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या आसपास.

इथे एक गोष्ट बातम्यांत नेहमी सुटते. ही टेस्ट ज्यांना आधीच किडनीचा आजार आहे असं कळलंय अशा टाईप २ वाल्यांसाठी आहे, आजार किती वेगाने वाढेल ते सांगायला. आणि आजार आहे हे कशावरून कळणार, तर ईजीएफआर आणि एसीआरवरून. म्हणजे जगातली ही महागडी टेस्ट करायची असेल तरी आधी तीच दोन साधी दारं ओलांडावी लागतात जी आपण उघडलेली नाहीयेत.

आणि मार्कर धोका सांगतो म्हणजे त्यावर उपचार केला की फायदा होतोच असं पण नसतं, याचं एक उदाहरण आहे. प्रायॉरिटी नावाची युरोपातली ट्रायल, डेन्मार्कच्या लोकांनी पुढाकार घेतलेली, १७७५ टाईप २ वाले ज्यांचं अल्ब्युमिन अजून नॉर्मल होतं. त्यांच्या लघवीतल्या २७३ पेप्टाइडांच्या, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्यांच्या, नमुन्यावरून कोणाला धोका जास्त ते आधीच ओळखलं. ओळख बरोबर ठरली, ज्यांना जास्त धोका सांगितला त्यांच्यात अल्ब्युमिन गळायला लागण्याचं प्रमाण खरोखर जास्त निघालं. पण त्यांच्यातल्या निम्म्यांना स्पायरोनोलॅक्टोन गोळी दिली त्याचा काही उपयोग झाला नाही, २०२० मध्ये निकाल आला. मार्कर बरोबर आणि उपचार वाया. म्हणून कुठलाही नवीन मार्कर सरकारी कार्यक्रमात घ्यायच्या आधी दोनच प्रश्न विचारायचे, हा आपल्या लोकांवर तपासलाय का, आणि याच्यामुळे डॉक्टर उद्यापासून काय वेगळं करणार.

एसीआरच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज पक्कं आहे, आणि म्हणूनच मी एवढं जोर देऊन सांगतेय. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने टाईप १ मध्ये किडनी वाचते हे दिसलं, २००१ मध्ये टाईप २ साठी लोसार्टन आणि इर्बेसार्टन आल्या, बीपीच्याच गोळ्या पण किडनीची गळती कमी करणाऱ्या. मग नवीन औषधं, २०१९ मध्ये क्रेडेन्स ट्रायलमध्ये कॅनाग्लिफ्लोझिन, किडनी फेल होणं वगैरे मुख्य धोका ३० टक्क्यांनी कमी, २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिन आणि फिनेरेनोन, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड. क्रेडेन्समध्ये किंवा डॅपाग्लिफ्लोझिनच्या ट्रायलमध्ये लोकांना घेताना एसीआर बघूनच घेतलं होतं, त्यामुळे कोणाला फायदा होणार हे ओळखायचा मुख्य दरवाजा पण एसीआरच. आणि आपल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट २०२० मध्ये संपलं, त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि जी गोळी ६० रुपयांच्या आसपास होती तिचे जेनेरिक ब्रँड १० रुपयांच्याही खाली आले. लवकर शोधून करणार काय, उगाच माणूस घाबरेल, असं जुने डॉक्टर म्हणायचे आणि तेव्हा त्यात तथ्य होतं, आज नाही.

शोधलं नाही तर काय होतं ते आपण बघतोच आहोत. सरकारच्याच कागदात लिहिलंय की देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवीन लोक किडनी फेलच्या शेवटच्या टप्प्यात येतात आणि त्यामुळे वर्षाला ३.४ कोटी डायलिसिसची जास्तीची गरज तयार होते. २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आहे, आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होतं, आणि हे फार मोठं काम आहे, त्यामुळे कितीतरी लोक जगतायत. पण मोफत म्हणलं तरी आठवड्याला दोनदा-तीनदा चार-चार तास, जायला-यायला एसटी किंवा भाड्याची गाडी, सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. सरकार शेवटच्या टप्प्यावर मनापासून खर्च करतंय आणि पहिल्या टप्प्यावरची काही शे रुपयांची तपासणी मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलीय, हे मला पटत नाही.

३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायचा कार्यक्रम चालू आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. शुगर सापडली की गोळ्या मिळतात, ते ठीक आहे. त्या माणसाच्या कार्डावर वर्षातून एकदा ईजीएफआर आणि एसीआर असे दोन रकाने हवेत आणि ते रिकामे राहिले तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला विचारणा व्हावी. प्रत्येक लॅबने, सरकारी असो की खाजगी, मोठ्या माणसाच्या क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापणं सक्तीचं करावं, वय आणि लिंग रिपोर्टवर आधीच असतं, कॉम्प्युटर गणित करतो, त्याला एक पैसा लागत नाही. मोठ्या लॅब छापतात पण, गावाकडच्या नाही छापत. आणि गोव्याने हे सगळ्यात आधी करावं असं मला फार वाटतं, राज्य छोटं आहे, अंतरं कमी आहेत, आणि त्यांचा आकडा देशात सगळ्यात वर आहे.

यावर म्हणतात की नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर आहेत कुठे इतके. पण एसीआर ६० आला म्हणून नेफ्रॉलॉजिस्ट लागत नाही. बीपी आटोक्यात आणणं, लोसार्टनसारखी गोळी सुरू करणं, डॅपाग्लिफ्लोझिन देणं, पेनकिलर बंद करणं हे एमबीबीएस डॉक्टर करू शकतो. पेनकिलरचं तर विशेष सांगायला हवं, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणून वर्षानुवर्षं गोळ्या खाणारे शुगरवाले घरोघरी आहेत, आणि हेच लोक मेटफॉर्मिन मात्र बंद करतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते. नाही जात. किडनी जाते ती वाढलेल्या शुगरने आणि बीपीने. मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली आला की कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात ते वेगळ्या कारणाने, आणि ते ठरवायला पण ईजीएफआर माहीत असावा लागतो ना.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, की वयानुसार ईजीएफआर उतरतोच, मग ७५ वर्षांच्या आजोबांना ५५ आला म्हणून किडनीचे पेशंट ठरवायचं का. नाही ठरवायचं घाईने. अल्ब्युमिन अजिबात नाही, बीपी ठीक आहे, वर्षभरात आकडा हलला नाही तर त्यांना सांगावं की दरवर्षी बघत राहू आणि शांतपणे घरी पाठवावं. आणि त्यांच्या बाबतीत सिस्टॅटिन करून खरं काय ते बघता येईल. उलट ४० वर्षांच्या रिक्षावाल्याचा ईजीएफआर ९० आणि एसीआर १५० असेल तर त्याच्या मागे लागून गोळ्या चालू करायच्या, कारण त्याच्यापुढे ३० वर्षं आहेत. नुसत्या क्रिएटिनिनवर हे दोघंही चुकीचे वाचले जातात.

आणि नवीन प्रोटीनांवर संशोधनासाठी पैसा जरूर लावावा, पण इथे, आपल्या लोकांवर. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९० च्या दशकात जन्मलेली मुलं आज तिशीत आहेत, त्यांचं जन्माचं वजन, आईचं पोषण, लहानपणापासूनची शुगर सगळं नोंदलेलं आहे, अशा नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी सापडतील. टीएनएफ रिसेप्टर आणि किम-१ आपल्या बारीक अंगाच्या माणसांत काय सांगतात ते अशा लोकांमध्ये, अल्ब्युमिन गळायला लागायच्या आधी मोजावं आणि पुढची १०-१५ वर्षं त्यांचा ईजीएफआर सिस्टॅटिन धरून बघत राहावं. तोपर्यंत त्यांच्यातल्या ज्यांना शुगर निघालीय त्यांना यावर्षीची एसीआरची बाटली मिळाली पाहिजे.